दोन रेणूंचे कलम

इंग्लंडमधील विनिंग्टन येथे १९३३ साली पॉलिथिन हाती लागले, ते जवळजवळ अपघातानेच. ते पाण्याने भिजत नाही, आम्लाने झिजत नाही, रंगही धरत नाही. या अलिप्तपणाच्या बळावर त्याने जग व्यापले. पण त्याच्याकडून काही पकडण्याचे, गाळण्याचे काम करून घ्यायचे, तर हाच गुण आडवा येतो.

हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रातील आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये दाखवले की, अणुभट्टीतील किरणांनी पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. फ्रान्समध्ये अडॉल्फ शापिरो या शोधाच्या पुढे गेले. किरणांनी कार्बनवरचा हायड्रोजन उडाला की, त्या मोकळ्या जागी दुसऱ्याच मोनोमरची, म्हणजे साखळीची एकेक कडी होणाऱ्या लहान रेणूची, साखळी वाढवता येते. रायवळ खुंटावर हापूस बांधावा तसे हे कलम आहे. मूळची ताकद शाबूत राहते आणि गुण नवे येतात. कलम आधी पॉलिथिनच्या फिल्मच्या दोन्ही पृष्ठांवर धरते. तो भाग फुगला की मोनोमर आणखी आत झिरपतो आणि कलमाची सीमा मध्याकडे सरकते. किरणांचा मारा फार वेगाने केला, तर मोनोमर आत पोहोचण्याआधीच सारे संपते आणि कलम वरवरचे राहते.

जपानमध्ये ताकासाकी येथे १९६३ साली सरकारी संशोधन केंद्र उभे राहिले. समुद्रातील युरेनियम पकडण्यासाठी तिथे हे कलम वापरून पाहिले गेले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात युरेनियम असते जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम. ते पकडणारा अमिडॉक्झिम गट ॲक्रिलोनायट्राइलपासून मिळतो, पण त्याच्या एकट्याच्या कलमात पाणी सहज शिरत नाही. म्हणून जोडीला मेथाक्रिलिक आम्ल घेतले. युरेनियम पकडण्याचे मुख्य काम त्याचे नाही, ते पाण्याला वाट करून देते. मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पना हीच वाटते. १९९९ ते २००१ या काळात आओमोरीच्या किनाऱ्याजवळ असे कलम केलेले ३५० किलो कापड एकूण २४० दिवस समुद्रात राहिले आणि यलोकेकच्या, म्हणजे युरेनियमच्या संयुगाच्या पिवळ्या भुकटीच्या, हिशोबात किलोभराहून अधिक युरेनियम मिळाले.

खाणीच्या भावाशी तुलना केली तर हा व्यवहार तोट्याचा. तरीही केंद्राच्या स्थापनेपासून त्या चाचणीपर्यंतची ३६ वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्या ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंवर ॲक्रिलोनायट्राइलचे असेच कलम केले आहे. या कापडावर युरेनियमच्या जागा व्हॅनेडियम बळकावते, ही अडचण अजून उरली आहे. ती सोडवणारी मोनोमरची जोडी शोधणे तीन वर्षांच्या प्रकल्पात मावणारे काम नाही. सरकारने त्यासाठी वीस वर्षांची तरतूद एकदाच करावी.