दोष कोणाच्या नावे?

मुलीला उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविणारी व्यापारी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. फी, डॉलरचा भाव, शाकाहारी जेवणाची सोय यांची चौकशी बारकाईने होते. तेथील महाविद्यालयीन मेजवान्यांतील मद्याचा विषय मात्र ‘आपली मुलगी पीत नाही’ एवढ्यावर मिटविला जातो.

तेथे या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी ३२ शिक्षणसंस्थांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, हे त्या पाहणीने दाखवून दिले. पुढे हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने १९९७, १९९९ व २००१ या वर्षांत ११९ महाविद्यालयांतील सुमारे २४ हजार विद्यार्थिनींना प्रश्न विचारले. त्या शैक्षणिक वर्षात बलात्कार झाल्याचे सुमारे २० पैकी एकीने सांगितले. त्यांपैकी ७२ टक्के मुली त्या वेळी नशेत होत्या.

हा आकडा वाचून घाईने निष्कर्ष काढणे सोपे आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा अंमल तिच्यावर अधिक होतो. धोका उशिरा उमगतो, हातपाय साथ देत नाहीत, पुष्कळदा स्मृतीही पुसली जाते. हे सर्व खरे. परंतु अशा प्रसंगी मद्य बहुधा पुरुषाच्याही पोटात असते आणि साध्या आपुलकीलाही तो होकार समजू लागतो. काही जण तर मुद्दामच तिचा पेला भरत राहतात. शिवाय आधी अत्याचार सोसलेली मुलगी ती आठवण बुजविण्यासाठी पिऊ लागते, असेही घडते. मद्याने जोखीम वाढते. गुन्हा मात्र माणूस करतो. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणारा मुनीम कोणत्या पेढीवर टिकेल?

कायद्याला हा भेद कळतो. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम न समजणाऱ्या स्त्रीची संमती ही संमतीच नव्हे. अमेरिकेत २१ वर्षांखालील मुलांना मद्य विकत घेता येत नाही. त्यामुळे कारवाईच्या धास्तीने मुली गप्प बसत. म्हणून तक्रारदार मुलीला मद्यपानाबद्दल शिक्षा न करण्याचा नियम अनेक महाविद्यालयांनी केला आहे.

असा नियम घरात मात्र क्वचितच असतो. ज्या घरात मद्याचा त्याग पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तेथील मुलीने कुतूहलापोटी किंवा मैत्रिणींच्या आग्रहाखातर एक पेला घेतला आणि त्या रात्री तिच्यावर अत्याचार झाला, तर ती आईला काय सांगेल? घटना सांगावी तर पेल्याचीही कबुली द्यावी लागते. मग ती दोन्ही लपविते, आणि त्या मौनाचा लाभ गुन्हेगारालाच मिळतो.

म्हणून विमानतळावर नव्हे, बॅगा भरण्याच्याही आधी, वडिलांनी स्वतः मुलीला सांगावे, “बेटा, काहीही झाले तरी आधी घरी फोन कर, प्यालीस का, हे आम्ही विचारणार नाही.” दुसरी गोष्ट वेळेची. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुरावाही जितक्या लवकर घेतला जाईल तितका बरा. पुराव्यासाठीची ही वैद्यकीय तपासणी अमेरिकेत विनाशुल्क होते. त्यासाठी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट नाही.