बोटावरची वीज

वीज चमकावी ती आभाळात, कडाडावी ती सह्याद्रीच्या कड्यावर आणि कोसळावी ती एखाद्या उंच ताडावर, असा आम्हा मुरबाडकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. हल्ली मात्र ती मोटारीच्या दारात दबा धरून बसलेली असते. आपण ऐटीत खाली उतरतो, दार लोटायला हात पुढे करतो, तोच बोटाच्या टोकाला चटकन काहीतरी चावते. विंचू नाही, मुंगळा नाही. दिसत तर काहीच नाही. माणूस हात झटकतो, कोणी पाहिले नाही ना याची खात्री करून घेतो आणि पुन्हा पूर्वीच्याच ऐटीत चालू लागतो.

या चाव्याला ऋतू लागतो आणि मुलूखही लागतो. पावसाळ्यात मुरबाडची हवा अशी दमट, की दोरीवरचा पंचा तीन दिवस वाळत नाही. त्या हवेत अंगावरची वीज फार वेळ टिकत नाही. ओलाव्याच्या वाटेने गुपचूप निघून जाते. पण माळशेज घाट चढून जुन्नरच्या अंगाला गेले, आणि त्यातून दिवस पौष-माघाचे असले, की कोरडी हवा ओठ फोडते आणि गाडीचे दार चावू लागते.

गेल्या जानेवारीत आम्ही आळेफाट्याजवळ मेहुणीच्या मुलाच्या बारशाला निघालो होतो. सासूबाईंच्या अंगावर रेशमी साडी, वर लोकरीची शाल, पायांत रबरी चपला. घाटमाथ्यावर चहाला उतरताना त्या ओरडल्या, "जावईबापू, तुमची गाडी चावते हो!" आम्ही सगळे हसलो. पण घरापाशी पोचलो तेव्हा मेहुणी बाळाला घेऊन गाडीजवळच आली. मी दार उघडून धरले होते. सासूबाई उतरल्या आणि त्यांनी नातवाच्या गालाला बोट लावले. चट् झाले, आणि पोर कळवळून रडले. मग त्या काही केल्या बाळाला हात लावीनात. हात पदराखाली घेऊन बाजूला बसल्या. "आज माझ्या हाताला काही आहे," एवढेच म्हणत राहिल्या. आता कोणी हसले नाही.

खरे म्हणजे हातात काही नव्हते. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासून दूर झाल्या, की एकीचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे राहतात. आसनावर आपण बसून असतो तोवर हा हिशेब जुळलेला असतो. उठताक्षणी ताटातूट होते आणि अंगावर भार उरतो. रबरी तळव्यांमुळे तो जमिनीत उतरत नाही. अनवाणी चालणाऱ्याला हा चावा बहुधा ठाऊकच नसतो. हे फार जुने ज्ञान आहे. घासलेला अंबर काडी ओढतो, हे ग्रीकांनी पाहिले. त्यांच्या भाषेत अंबर म्हणजे 'इलेक्ट्रॉन'. 1600 साली विल्यम गिल्बर्टने याच शब्दावरून अंबरासारख्या ओढणाऱ्या वस्तूंना नाव दिले. फारसीत अंबराला 'कहरुबा', म्हणजे गवताची काडी पळवणारा, आणि संस्कृतात 'तृणमणी'. तीन भाषांनी एकच गंमत टिपून ठेवली आहे.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले नाही. नळाखाली हात धुवायला मात्र सांगितले. त्यांना वाटले, हात शुद्ध झाला. शास्त्रालाही तक्रारीला जागा नव्हती, कारण लोखंडी नळाला हात लागला की उरलासुरला भार निघूनच जातो. दुपारी बाळ त्यांच्या मांडीवर झोपले होते.

घरातली वीज 230 व्होल्टची. हा चावा जाणवायलाच सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. तरी तो जीव घेत नाही, कारण साठा अगदी थोडा असतो आणि क्षणाच्याही लहानशा अंशात संपतो. पण पेट्रोलच्या वाफेला पेटायला तेवढी ठिणगी पुरते, आणि इथे मात्र हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत लोक पेट्रोल स्वतःच भरतात. नळी टाकीत अडकवून थंडीपायी गाडीत जाऊन बसायचे, पुन्हा उतरून नळीला हात लावायचा, आणि भडका! तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींच्या नोंदीच गोळा केल्या. आपल्याकडे पंपावरचा माणूस भरतो हे ठीक. तरी पेट्रोल भरत असताना गाडीत चढउतार करू नये. शेतावरच्या यंत्रासाठी डबा भरून घ्यायचा, तर तो पेट्रोलसाठीचाच असावा, आणि गाडीत ठेवून नव्हे, जमिनीवर ठेवून भरावा. जुने टँकर मागे लोखंडी साखळी फरफटत नेत, ती याच भीतीने.

रोजच्या चाव्यावर उपाय फुकटचा आहे. आसनावरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीवरचा, कुलूप अडकते तो उघडा लोखंडी आकडा धरावा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नये. भार हळूच उतरून जातो. ते विसरले, तर हातातल्या किल्लीने आधी दाराला शिवावे. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोट वाचते. दिवाळीनंतर हवा कोरडी होत जाईल. घाटावर पाहुणे जाणार असाल, तर म्हाताऱ्या माणसांना एवढे आधी सांगून ठेवा, आणि मगच नातवंडे त्यांच्या हातात द्या.