गाडीचे बोनेट कुणी उघडायचे?

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कोल्हापूरच्या रुग्णालयात तपासणीसाठी नेलेल्या एका बाईला घेऊन आम्ही तिघी कार्यकर्त्या वैभववाडीला परतत होतो. ती सात महिन्यांची गरोदर, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली. गाडी आमच्या गटाची, जुनी, दुसऱ्याने वापरून झालेली. चालवत मी होते. गगनबावडा सोडला आणि भुईबावडा घाट उतरायला लागलो. पाऊस आणि धुके असे की पुढच्या वळणाचा कठडाही दिसेना. मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होते. हळू चालवते आहे म्हणजे काळजीने चालवते आहे, अशी माझी समजूत. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणावर ब्रेक पायाखाली मऊ लागला, मळलेल्या कणकेवर पाय पडावा तसा, आणि खाली खाली गेला. गाडी थांबेना.

दुसरा गियर टाकला, मग पहिला. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारात एक चाक घालून गाडी कशीबशी उभी केली. मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला. त्याने आधी मागच्या बाईची चौकशी केली आणि मग मला एकच प्रश्न विचारला, "ताई, ब्रेक ऑइल कधी बदललंय?"

मला ठाऊक नव्हते. तिघींपैकी कुणालाच नव्हते. पूर्वीचे ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झाले, हे आमच्यातली कोणीही झोपेत सांगेल. पण चार जीव ज्या तेलावर घाट उतरत होते ते किती जुने आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. ते काम 'बघणारा' एक भाऊ होता. एका कार्यकर्तीचा दीर. तो नोकरीसाठी मुंबईला गेला त्याला दोन वर्षे झाली होती.

पुढे मी हे समजून घेतले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्या कोकणात हवेला ओलाव्याचा काय तोटा! पेडलवर सतत पाय ठेवून घाट उतरला की ब्रेक तापतात, त्या तेलातले पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. म्हणून गाडी थोडी चालली असो वा जास्त, साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलायचे असते. आणि घाट उतरताना मुख्य काम ब्रेकने नव्हे, गियरने करायचे असते. ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचे. ब्रेक दाबायचा तो थोडा थोडा, सोडून सोडून. हे घाटातल्या प्रत्येक एसटी ड्रायव्हरला माहीत आहे. मला ड्रायव्हिंग क्लासमध्ये हे कुणी सांगितले नव्हते. तिथे पंधरा दिवसांत आठाचा आकडा काढायला शिकवले. बोनेट एकदाही उघडले नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे 'सक्षमीकरण' या विषयावर मी चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला होता.

ही माझ्या वेंधळेपणाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण त्यानंतर मी गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या बायकांना विचारत गेले: शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, बचत गटाचा टेम्पो चालवणारी एक. चालवतात छान. पण टायरमध्ये हवा किती, ऑइल कोण बघते, विमा कधी संपतो, यावर बहुतेकींचे उत्तर एकच, "ते हे बघतात." 'हे' म्हणजे नवरा, भाऊ, नाहीतर मुलगा. म्हणजे सुकाणू आपल्या हातात आले, पण गाडी चालू राहील की नाही हे ठरवणे दुसऱ्याच्याच हाती राहिले. चुलीवरचे काम आपले आणि बाजारातला हिशेब त्यांचा, ही जुनी वाटणी आता चार चाकांवर आली आहे.

गॅरेजमध्ये गेले तर काय होते तेही सांगते. गावाचे आणि गॅरेजचे नाव घेत नाही, कारण सगळीकडे तेच आहे. "काय काय बदललंत ते दाखवा," असे म्हटल्यावर मालक हसून म्हणाले, "ताईनू, तुमका कित्याक होया ता? साहेबांका धाडून देवा." आमच्या गटात साहेब नाहीत, असे सांगितले तेव्हा ते खरोखरच गोंधळले. बिलात वायपरचे पैसे लावले होते, वायपर जुनेच होते. विचारल्यावर पैसे कमी केले. न विचारणाऱ्या किती जणींनी भरले असतील?

यंत्र हा पुरुषांचा प्रांत, हे आपण इतक्या सहज मान्य का केले, कळत नाही. इतिहास तर वेगळेच सांगतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्टसहाइमला घेऊन गेली. शंभराहून अधिक किलोमीटर. मोटारीने केलेला इतका लांबचा तो पहिलाच प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज आपण 'ब्रेकचे लायनर' म्हणतो त्याची सुरुवात ती. काचेवरचे पाणी गाडीच्या आत बसून पुसता येईल अशा वायपरचे पेटंट १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईच्या नावे झाले. कोकणातल्या पावसात गाडी चालवणाऱ्या प्रत्येक पुरुषाने तिला नमस्कार करावा.

इतके दूर जायचे नसेल तर उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्येच्या कामातून तिथल्या दलित, निरक्षर बायकांनी हापसे दुरुस्त करायला शिकून घेतले. इंडिया मार्क-टू हापसा, ज्याचे मूळ आपल्या जालना-सोलापूरच्या हापशांत आहे. जड पाइप खेचून वर काढायचे, वायसर बदलायचे, पुन्हा बसवायचे. आधी लोक हसले. मग त्याच बायकांना बोलवायला येऊ लागले. मिस्त्रीची वाट बघत महिनामहिना कोरडे पाणवठे धरून बसायचे की पाना हातात घ्यायचा, इतका साधा प्रश्न होता तो.

आमच्याच गटात या विषयावर वाद झाला. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "गाडी हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे. आपल्या वाड्यांवर एसटी वेळेवर येत नाही, त्याचे आधी बोला." तिचे म्हणणे चूक नाही. पण एसटी नाही म्हणूनच तर अंगणवाडीताईने स्कूटर घेतली आणि बचत गटाने टेम्पो. रात्री अडीचला फोन आला की आमची गाडीच जाते. दुसरी म्हणाली, "मेकॅनिक कशाला आहेत मग? सगळेच आपण करायचे का?" नाही. मलाही इंजिन खोलायचे नाही. आरोग्य शिबिरांत आपण आपल्या शरीराची ओळख करून घेतली ती डॉक्टर होण्यासाठी नव्हे, डॉक्टरला प्रश्न विचारता यावेत म्हणून. इथेही तेवढेच.

आता आम्ही काय करतो ते लिहिते. दर सोमवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, आळीपाळीने दोघीजणी. दोघी अशासाठी की एकीने आत बसून ब्रेक, इंडिकेटर दाबायचे आणि दुसरीने मागे उभे राहून दिवे बघायचे. इंजिन थंड आणि गाडी सपाटीवर असताना ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कूलंटची आणि ब्रेक ऑइलची पातळी डब्यांवरच्या रेघांवरून बाहेरूनच दिसते. ब्रेक ऑइल सारखे कमी होत असेल तर ते भरून गप्प बसायचे नाही. कुठेतरी गळते आहे किंवा पॅड झिजले आहेत, दाखवायलाच हवे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. आमच्या एकीने उघडले होते, नशिबाने तोंड बाजूला होते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. इंजिन बंद करून आधी उणे टोक सोडवायचे आणि सोडा घातलेल्या गरम पाण्याने साफ करायचे. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून तिथेही एक नजर. मग अंगणातच ब्रेक जोराने दाबून धरायचा. तो घट्ट लागला पाहिजे, हळूहळू खाली जाता कामा नये. या सगळ्याला दहा-बारा मिनिटे लागतात.

टायरबद्दल थोडे जास्त, कारण ओल्या रस्त्यावर सगळा भार त्यांच्यावर. टायरच्या खाचा पाणी बाजूला काढतात. त्या १.६ मिलिमीटरहून कमी झाल्या की कायद्यानेही टायर बाद. मोजपट्टी नको, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. खाचा चांगल्या दिसल्या तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमच्या स्टेपनीवरचे आकडे वाचले तेव्हा ती गाडीइतकीच म्हातारी निघाली, आणि तिच्यात हवाही नव्हती. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. पंपावरचा मुलगा सांगेल ते नव्हे.

चाक बदलायला ताकद लागते, हा आणखी एक समज. गाडी जॅकवर उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, पान्यावर हात नव्हे तर पाय देऊन, अंगाच्या वजनाने. परत आवळताना समोरासमोरचे नट क्रमाने. आमच्यातल्या पन्नाशीच्या, गुडघेदुखीच्या मैत्रिणीने वीस मिनिटांत चाक बदलले. शेजारचे तीन बाप्ये हातातली कामे टाकून बघत होते.

पट्ट्याबद्दलही. मागे बसलेल्यांनी पट्टा लावायचा असतो याची चर्चा सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा झाली आणि विरली. त्या दिवशी घाटात आमच्या गरोदर बाईने पट्टा लावला नव्हता. पोटाला त्रास होईल म्हणून आम्हीच नको म्हटले होते. चूक आमची. गरोदरपणातही पट्टा हवाच: खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, आणि वरचा छातीच्या मधून. गाड्या मुळात पुरुषाच्या शरीराच्या मापाने तपासल्या जात आल्या, हेही इथे नोंदवायला हवे. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात, सारख्याच अपघातात पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याचा संभव पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळला.

आणि कागद. समुपदेशनात एक बाई आली होती, तिच्या नावावर गाडी आहे, किल्ली तिने कधी हातात घेतलेली नाही. कर्जासाठी नवऱ्याने तिची सही घेतली होती. विमा संपलेला, तेही तिला माहीत नव्हते. बायकांच्या नावावर मालमत्ता हवी असे आपण म्हणतो तेव्हा हेही सांगायला हवे की आरसीवर जिचे नाव, तिच्यावर जबाबदारी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावे, भरपाईसाठी मालक तोच. विमा नसेल तर ती रक्कम खिशातून. म्हणून गाडी विकली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे. आपल्याकडे त्यासाठी ओरोसला जावे लागले तरी जायचे. विमा, पीयूसी, आणि गाडी पंधरा वर्षांची होत असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख, ही तिन्ही आपल्या वहीत आपल्या अक्षरात हवीत.

आमच्या वहीचे पहिले पान त्या ट्रक ड्रायव्हरच्या प्रश्नाने सुरू होते, खाली ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आहे. त्या बाईला मुलगी झाली. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात अर्ध्या दिवसाचे शिबिर ठेवले आहे. स्कूटरवाल्या जणीही येणार आहेत. ते गॅरेजवाले मालक शिकवायला तयार झाले आहेत, मात्र साहेबांशिवाय. वायपर मात्र अजून बदलायचे राहिले आहेत.