वेशीवरची मोटार आणि कायद्याची समदृष्टी

राष्ट्राची सीमा सैनिकाच्या बंदुकीने राखली जाते, तशीच ती सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या लेखणीनेही राखली जाते. पहिल्या राखणदाराचा गौरव सारा समाज करतो. दुसऱ्याकडे मात्र समाजाचे लक्ष जाते ते अडवणूक झाली म्हणजे, किंवा एखादी ओळख वापरून वाट काढायची असली म्हणजे. परदेशातून स्वतःच्या वापरासाठी मोटार आणण्याचा वरवर पाहता मूठभरांचा वाटणारा विषय या दुसऱ्या राखणीची खरी परीक्षा घेणारा आहे.

आज महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांपैकी अनेकांचे कोणी ना कोणी परदेशी असते. काही वर्षांनी मुले, नातवंडे मायदेशी परततात. संसाराचे सामान आणताना त्यांना काही सवलत मिळते, मोटारीला ती नाही. कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्याने किमान दोन वर्षे सलग परदेशी राहिलेले असावे, मोटार किमान वर्षभर त्याच्या ताब्यात असावी आणि पूर्ण शुल्क भरावे, असा दंडक आहे. जुनी मोटार सामान्यतः तीन वर्षांपेक्षा अधिक वयाची चालत नाही. सुकाणू उजव्या बाजूला हवे. या एकाच अटीमुळे अमेरिका, जर्मनी किंवा दुबईतून परतणाऱ्याची मोटार बाद ठरते. ब्रिटन, सिंगापूर वा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यालाच हा विचार करता येतो. त्यानंतर शुल्क आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. हिशेब मांडला की मोटारीच्या मूळ किमतीपेक्षा कराची रक्कम मोठी निघते. बहुतेक कुटुंबे हे गणित पाहून मोटार तिकडेच विकतात आणि इथे येऊन देशी कारखान्यातली नवी घेतात.

ही कठोरता अकारण नाही. जपान आणि युरोपने वापरून टाकलेल्या वाहनांचे ताफे आफ्रिकेतील अनेक देशांच्या बंदरांत उतरत राहिले आणि तेथे स्वतःचा वाहनउद्योग उभा राहणे दुष्कर झाले. भारताने ती वाट बंद ठेवली. पुण्याच्या टाटा कारखान्यातून 1998 मध्ये ‘इंडिका’ बाहेर पडली, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात सुट्या भागांच्या शेकडो लघुउद्योगांना काम मिळाले, त्यामागे हे संरक्षणही उभे होते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याला या अटींबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. त्याची अपेक्षा एवढीच, की जो नियम सामान्याला, तोच मान्यवराला.

एका शब्दाचे मोल

या अपेक्षेची कसोटी महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली. त्या पराक्रमाच्या गौरवार्थ त्यांना ‘फेरारी 360 मोडेना’ भेट मिळाली आणि इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. सुमारे 75 लाख रुपये मूल्याच्या या मोटारीवरचे शुल्क सुमारे 1 कोटी 13 लाख रुपये होत होते. 2003 मध्ये ते माफ करण्यात आले.

अडचण एका शब्दाची होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसाला नियमात सवलत होती, भेटीला नव्हती. फेरारी ही भेट होती. एका व्यक्तीसाठी नियमाचा अर्थ ताणला गेल्याची भावना पसरली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पुढे तेंडुलकर यांनी स्वतः शुल्क भरण्याची तयारी दाखवली आणि अखेरीस ती रक्कम मोटार देणाऱ्या कंपनीने भरली.

केंद्रात तेव्हा अटलजींच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे सरकार होते. आपल्या माणसांचा निर्णय म्हणून त्यावर पांघरूण घालणे हा राष्ट्रनिष्ठेचा मार्ग नव्हे. निर्णयामागे एका गुणवंताविषयीचे प्रेम होते, यात शंका नाही. परंतु राज्यकर्त्याने प्रेम व्यक्त करण्यासाठी पुरस्कार आहेत, सन्मान आहेत; तिजोरी ही त्याची खासगी मालमत्ता नव्हे. शुल्क भरले गेले म्हणून तेंडुलकरांची उंची तसूभरही कमी झाली नाही. उलट, लोकप्रियतेच्या शिखरावरही नियम लागू होतो हा धडा देशाला मिळाला.

आर्य चाणक्यांना हा पेच अपरिचित नव्हता. ‘अर्थशास्त्रा’तील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात विवाह, यज्ञ, प्रसूती, उपायन म्हणजे भेट, अशा प्रसंगांसाठी नेलेल्या वस्तूंना शुल्कातून सूट दिलेली आहे. भेटीला सूट द्यायची तर ती आधी लिहून ठेवलेली आणि सर्वांसाठी असावी, ही दृष्टी त्यात दिसते. त्याचबरोबर खोटे कारण सांगून सूट घेणाऱ्याला चोराचा दंड सांगितला आहे. सवलतीची उदारता आणि खोटेपणाला कठोर शासन या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. आजच्या व्यवस्थेत त्यांची फारकत झालेली दिसते.

फट लहान, धोका मोठा

23 सप्टेंबर 2025 रोजी कोची येथील सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये ‘नुमखोर’ ही मोहीम हाती घेतली. भूतानच्या जोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. भूतानमध्ये लिलावात स्वस्त मिळालेल्या उंची मोटारी शुल्क न भरता भारतात आणायच्या, बनावट कागदपत्रांच्या आधारे दुसऱ्याच एखाद्या राज्यात त्यांची नोंदणी करायची आणि मग हौशी धनिकांना विकायच्या, अशी साखळी असल्याचा विभागाचा आरोप आहे. पहिल्याच टप्प्यात तीसहून अधिक वाहने जप्त झाली. नामवंत चित्रपट अभिनेत्यांच्या घरांचीही झडती झाली. कोण दोषी आणि कोण फसवला गेलेला ग्राहक, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

भूतान हा भारताचा विश्वासू मित्र आणि तेथील सीमा स्नेहापोटी खुली आहे. त्या विश्वासाचा गैरफायदा घेणे हा दुहेरी अपराध ठरतो. चिंता केवळ बुडालेल्या महसुलाची नाही. जयगावसारख्या ठिकाणाहून खोट्या कागदांवर मोटार आत येऊ शकते आणि हजारो किलोमीटर दूर केरळात राजरोस धावू शकते, तर त्याच वाटेने आणखी काय येऊ शकेल? महाराष्ट्राला याचे उत्तर ठाऊक आहे. 1993 मध्ये रायगडच्या दिघी व शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. चोरट्या मालाकडे काणाडोळा करण्याची सवय जडलेल्या काही सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना पुढे विशेष न्यायालयाने दोषी ठरवले. 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांत 257 निरपराधांचे प्राण गेले. हौसेच्या मालासाठी पाडलेली फट शत्रू आपल्या मालासाठी वापरतो.

म्हणून काही गोष्टी शासनाने निर्धाराने कराव्यात. परतणाऱ्या भारतीयाला नियम, अटी आणि शुल्काचा हिशेब सोप्या भारतीय भाषांत एके ठिकाणी मिळावा; प्रामाणिक माणसाला दलालाचा उंबरा झिजवावा लागू नये. एखाद्याला सूट दिलीच, तर ती कोणत्या नियमाखाली हे जाहीर व्हावे. आणि परदेशी बनावटीच्या वाहनाची नोंदणी कोणत्याही राज्यात सीमाशुल्काच्या मूळ नोंदीशी ताडून पाहिल्यावाचून होऊ नये.

समाजाचाही यात वाटा आहे. ‘कस्टममध्ये कोणी ओळखीचे आहे का?’ हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांत किती सहजपणे विचारला जातो! स्वस्तात मिळालेल्या विदेशी मोटारीचे कौतुक करणारे तिच्या कागदांची चौकशी करत नाहीत. सीमेवर प्राण पणाला लावणाऱ्या जवानासाठी डोळे पाणावणाऱ्या समाजाने वेशीवरचे शुल्क निमूटपणे भरावे, ही त्याच देशभक्तीची साधी, रोजची परीक्षा आहे.