घाटाचा जिल्हा आणि गिअरची हयगय

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. वऱ्हाडच्या जुन्या दप्तरांतही हाच भेद बालाघाट आणि पयनघाट या नावांनी नोंदलेला आढळतो. रेल्वे आली ती पयनघाटाच्या सपाटीने. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी असली तरी रूळ अद्याप घाट चढलेले नाहीत. त्यामुळे घाटावरचा कापूस आणि सोयाबीन, शेगावला निघालेले भाविक, दवाखान्याकडे धावणारे रुग्ण हे सारे राजूर घाटाने किंवा बोथ्याच्या जंगलातील रस्त्याने चाकांवरच खाली उतरतात. अशा मुलखात वाहनाचा गिअर धडधाकट असणे हा मालकाच्या खर्चाचा नव्हे, तर सर्वांच्या जीविताचा प्रश्न आहे. आणि कायदा, तपासयंत्रणा व वाहनधारक हे तिघेही तो तसा मानीत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

ब्रेक म्हणजे सुरक्षितता आणि गिअर म्हणजे गती, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः उतारावर गिअर हाच पहिला ब्रेक असतो. सोळा टन वजनाचा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने पन्नास लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल; आणि वाहन खालच्या गिअरमध्ये नसेल तर ही सारी उष्णता ब्रेकच्या लायनरला आणि ड्रमला सोसावी लागते. लायनर तापले की त्यांची पकड सुटते, चालक पायाने पेडल दाबीत राहतो आणि गाडी दाद देत नाही. खालच्या गिअरमध्ये मात्र फिरत्या चाकांनाच इंजिन ओढावे लागते, आणि इंजिनाचा तो विरोध उतारभर अखंड उपलब्ध असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक या शास्त्रावरच उभा आहे.

परंतु हा दंडक पाळण्याची इच्छा असूनही गिअरनेच दगा दिला तर? झिजलेल्या दात्यांमुळे उतारावर गिअर आपोआप निसटतो. दुसऱ्या गिअरवर येऊ पाहणाऱ्या चालकाच्या हाताखाली गिअर पडत नाही आणि गाडी मधल्यामध्ये न्यूट्रल राहते. चढावर क्लच प्लेट घसरू लागली की इंजिन गर्जत राहते आणि गाडी मागे सरकते. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला, तर इंजिनाचा आणि मागच्या चाकांचा संबंधच संपतो. या प्रत्येक बिघाडाच्या आधी बहुधा पुष्कळ पूर्वसूचना मिळालेल्या असतात. गिअर टाकताना होणारी करकर, गाडी उभी केलेल्या जागी पडलेला तेलाचा डाग, जळक्या क्लचचा वास, वेग घेताना खालून येणारा ठोका, हे सारे मिस्त्रीला ऐकू येते आणि मालकालाही कळते. तथापि गिअरबॉक्स उतरविण्याचा खर्च मोठा, गाडी कामावरून काढण्याचे नुकसान त्याहून मोठे. म्हणून 'अजून एक खेप होऊ द्या' या तडजोडीवर लोकांचे प्राण पणाला लागतात.

यंत्र निर्दोष असताना ते जाणूनबुजून निकामी करण्याची सवय तर याहून घातक होय. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, क्वचित इंजिनच बंद करणारे चालक आजही आहेत. इंजिन बंद पडले की एअर ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगची मदतही जाते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका जड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद केले होते असेच प्राथमिक तपासात पुढे आले. वाचलेले इंधन किती आणि मोजलेली किंमत किती, याचा हिशेब अशा मालकांनी एकदा मांडावा.

घाटाच्या जोडीला आता जिल्ह्याच्या दक्षिण भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे, आणि तेथे धोक्याचे स्वरूप निराळे आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात ३३ मीटर अंतर तोडते. अशा प्रवाहात एखाद्या गाडीचा गिअर अडकून तिची चाल एकाएकी मंदावली, तर मागच्या चालकाला परिस्थिती उमगेपर्यंतच साठ-सत्तर मीटर रस्ता संपलेला असतो. रात्री, दिवे मंद असताना, रस्त्यावर उभे राहिलेले नादुरुस्त वाहन हे तर मृत्यूला दिलेले निमंत्रणच.

याच महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्या अपघाताचा गिअरशी संबंध होता असे माझे म्हणणे नाही. मात्र त्यापासून घेण्यासारखा एक धडा आहे. टायर फुटला, असे चालकाने प्रथम सांगितले. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. यंत्राची साक्ष माणसाच्या जबानीहून वेगळी निघू शकते, आणि म्हणूनच ती प्रत्येक गंभीर अपघातात काढली गेली पाहिजे. आपल्याकडे देशातील सत्तर टक्क्यांच्या आसपास अपघात अतिवेगाच्या सदरात जमा होतात. उतारावर गिअर निसटून बेफाम झालेली गाडीही शेवटी अतिवेगानेच आदळते. पंचनाम्यात वेगाची नोंद होते, आणि वेगाचे कारण त्या लोखंडाच्या ढिगाऱ्याबरोबर भंगारात निघून जाते.

स्वयंचलित गिअरच्या गाड्या आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. क्लचचे पेडल नसल्याने त्या सोप्या वाटतात. पण त्यांतील बिघाड चालकाच्या हाताला आधी जाणवत नाही, आणि त्यांची चाल अंगवळणी पडायला अवधी लागतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे बेस्टच्या सेवेतील विजेवरची बस गर्दीत घुसली आणि लोकांचे बळी गेले, तेव्हा ब्रेक सुस्थितीत असल्याचे आणि क्लच नसलेली ही नवी बस चालविण्याचे चालकाचे शिक्षण अपुरे असल्याचे तपासात पुढे आले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. फोर्ड कंपनीच्या 'पॉवरशिफ्ट' या स्वयंचलित गिअरबद्दल ऑस्ट्रेलियातील ग्राहकांनी गाडी थरथरते, ताकद सोडते अशा तक्रारी केल्या असता, दोष ग्राहकांच्याच चालविण्याच्या पद्धतीचा असल्याचे अनेकांना सांगण्यात आले. अखेर २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. म्हणजे कधी चालक चुकतो, कधी कारखानदार; सत्य कोणते हे ठरविण्यासाठी निष्पक्ष तहकीकातीची व्यवस्था असावी लागते.

आपल्या कायद्यात तिची बीजे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आहेत. परंतु हा अधिकार तक्रारींच्या संख्येवर चालतो, आणि गिअरचा बिघाड झाला की आपला ग्राहक सर्व्हिस सेंटरमध्ये वाद घालतो व घरी येतो. सरकारदप्तरी नोंद होतच नाही. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे अशी कोणतीही तपासणी नाही. पंधरा वर्षे राजूर घाट चढउतार करणाऱ्या मोटारीच्या क्लचकडे आणि गिअरकडे कोणी अधिकारी एकदाही पाहत नाही, ही व्यवस्था समर्थनीय कशी ठरावी?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. योग्यता तपासणीत गिअर निसटतो काय, तेल गळते काय, क्लच घसरतो काय आणि प्रॉपेलर शाफ्टचे सांधे ढिले आहेत काय, हे उतारावर गाडी चालवून पाहिले जावे. खासगी मोटारींचीही आठव्या वर्षी एक सक्तीची तपासणी व्हावी. प्राणघातक अपघाताच्या पंचनाम्यात गाडी कोणत्या गिअरमध्ये सापडली आणि गिअरबॉक्सची स्थिती काय होती, हे सदर अनिवार्य असावे. घाटमाथ्यावर जड वाहनांना थांबण्यास जागा आणि खालच्या गिअरची ठळक सूचना असावी, आणि बेकाबू वाहन शिरून थांबेल अशा वाळूच्या चढणीची तजवीज जेथे शक्य तेथे करावी. क्लच नसलेले वाहन हाती देण्यापूर्वी चालकाला पुरेसे शिक्षण देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य ठरावे.

यांत खर्च आहे, आणि तो ट्रकमालकाला जाचक वाटेल, हे मला मान्य आहे. एका गाडीवर अख्खे कुटुंब चालविणाऱ्या मालकाची अडचण खोटी नाही. त्याला दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज आणि तपासणीसाठी वाजवी मुदत देणे हे शासनाचे काम आहे. पण समोरून घाट चढणाऱ्या दुचाकीवरच्या शेतकऱ्याने त्या अडचणीचा मोबदला आपल्या प्राणांनी द्यावा, असा करार त्याने कोणाशीही केलेला नाही. रस्ता सर्वांचा असल्यामुळे त्यावर येणाऱ्या प्रत्येक यंत्राची जामीनकी मालकाने, कारखानदाराने आणि शासनाने मिळून घेतली पाहिजे. आणि ज्या जिल्ह्याचा निम्मा भाग घाटावर व निम्मा घाटाखाली आहे, त्या बुलढाण्याने ही मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत ठामपणे केली पाहिजे.