घाट हा आखाडा नव्हे

आषाढ लागला की बेळगावच्या पोरांना आंबोलीचे वेध लागतात. लागोत बापडे! धुके, धबधबे आणि भाजलेले कणीस यांचे वेड कोणाला नाही? मोटारसायकलवरून घाट पाहण्याचे सुख बंद गाडीत बसणाऱ्याला मिळत नाही, हेही कबूल. तक्रार त्या सुखाविषयी नाही. तक्रार आहे ती ‘घाट मारला’ या भाषेविषयी. सावंतवाडी किती मिनिटांत गाठली, वळणावर गाडी किती वाकवली, याच्या बढाया पोरे मारतात आणि आपण वडीलधारी मंडळी कौतुकाने ऐकतो!

घाट ही मारायची वस्तू नव्हे. वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीकडे यावा म्हणून इंग्रजांच्या काळात हा मार्ग वापरात आला. आजही त्यावरून भाजीचे टेम्पो जातात, एस.टी. जाते, आजारी माणसे जातात. त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेवर आपल्या चिरंजीवांनी शर्यत का लावावी?

अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे. लादलेला ट्रक चढणीवर मध्येच थांबला की पुन्हा हलवणे किती जड जाते, हे ड्रायव्हरला विचारा. ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरावा, हीही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारा इंजिनाची अडवण गमावतो. सारा भार ब्रेकवर पडतो आणि ओल्या रस्त्यावर चाक घसरते. यात मर्दुमकी कसली?

चिरडली जाते ती माणसेच नव्हे. २००९ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदलेला एक भेक आंबोलीच्या नावानेच ओळखला जातो. पावसाळ्याच्या रात्री तो रस्त्यावर येतो आणि चाकाखाली सापडतो. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन घटप्रभेला मिळते. तिथे भिरकावलेली बाटली आपल्याच दाराशी येणार!

‘वयच तसे आहे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मोटारसायकल वय विकत घेत नाही, बापाचा पैसा घेतो. सायलेन्सर बदलून गल्ली दणाणते तेव्हा घरातल्यांना ऐकू येत नाही काय? हेल्मेट खुंटीला आणि पोरगा घाटात, हे आईला दिसत नाही काय?

पाटी कोणत्या भाषेत असावी यासाठी आपण सीमाभागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. ते भांडण आपल्या जागी राहो. पण मराठीत ‘सावकाश’ लिहा की कन्नडात ‘निधान’, वाचतो कोण? नंबरपाटी कर्नाटकाची असो, महाराष्ट्राची असो वा गोव्याची, बेगुमानी एकच.

तेव्हा या दिवाळीत नवी गाडी दारात येणार असेल, तर पूजेनंतर किल्ली देण्याआधी दोन अटी घाला. हेल्मेट डोक्यावर हवे, आणि किती वेळात पोचला हे घरात कोणी विचारणार नाही.