महाब्रह्म्याची कबुली

बौद्ध धर्मात ईश्वर मानतात काय, या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन मोकळे होणाऱ्यांनी दीघनिकायातील केवट्टसुत्त एकवार सावकाश वाचावे, असे मला मनापासून वाटते. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, हे विचारीत एक भिक्षू देवलोकामागून देवलोक चढत अखेर महाब्रह्म्यापुढे उभा राहतो. तेव्हा आपण सृष्टीचे कर्ते व नियंते असल्याची द्वाही दोनदा फिरविणारा तो महाब्रह्मा, तिसऱ्यांदा प्रश्न येताच, भिक्षूचा दंड धरून त्याला बाजूस नेतो आणि, देवांसमक्ष बोलवत नाही, परंतु हे मलाही ठाऊक नाही, तू बुद्धाकडेच जा, अशी कबुली देतो.

म्हणजे देव आहेत, पण तेही कर्मबद्ध व नाशवंत. जगाचा कुलमुखत्यार मात्र कोणी नाही. महायानातील बोधिसत्त्वांची उपासना भक्तीच्या पुष्कळ जवळ जाते खरी. तथापि तीही सृष्टिकर्त्याची नव्हे. खुद्द बुद्धालाही ईश्वराचे रूप मानलेले नाही. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धर्माच्या दीक्षेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याचाही स्पष्ट इन्कार आहे.